पारड्यांचा पालट

अड्याळच्या आठवडी बाजारात त्या दिवशी मालाजवळ माणूस नव्हतं. खारी मासळी उघड्यावर पडली होती, बुरडाच्या टोपल्या एकमेकींत तोंड खुपसून बसल्या होत्या, मिरचीच्या ढिगामागची बाई उठून गेली होती. सगळा बाजार एका मांडवाकडे लोटला होता. मांडवात चौरंगावर भगव्या कफनीतला एक स्थूल पुरुष उभा होता आणि त्याच्या हातात पितळी दांडीचा तराजू होता. एका पारड्यात बंदा रुपया, दुसऱ्यात मूठभर तांदूळ. तांदळाचं पारडं खाली टेकलं होतं. रुपया वर, हवेत, कुणी विसरून गेल्यासारखा लोंबत होता.

"देखो भाई," काटेवाले बाबा म्हणाले, "रुपया हल्का होऊन गेला. म्हनून मीठ भारी, तेल भारी, जिंदगी भारी. दुकानदाराचा दोष नाई, सरकारचा दोष नाई. भूत मानसाले लागते, तसं रुपयाले लागलं आहे."

कुणी हसलं नाही. एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या त्या वैशाखात महागाई हसण्याच्या पलीकडे गेली होती. ती घरात एखाद्या आजारी माणसासारखी राहत होती. तिच्या उशाशी सगळे हळू आवाजात बोलत.

बाबांनी मोरपिसांचा झुपका दांडीवरून फिरवला. डोळे मिटून, तराजूसकट, चारी दिशांना वाकून नमस्कार केला. ते सरळ झाले तेव्हा रुपयाचं पारडं खाली उतरत होतं. तांदूळ वर गेले. रुपया जड झाला होता. गर्दीच्या छातीतून एकच श्वास सुटला, आणि तो पुरता बाहेर पडायच्या आत कापडवाल्यांनी आणि भांडेवाल्यांनी आरोळी दिली की बाबांच्या कृपेनं भाव उतरले, आजपासून सूट. लाल कागदाची कुपनं वाटली जाऊ लागली. प्रत्येकावर तराजूचं चित्र होतं. ज्या दुकानात पाहावं तिथं सूट लटकत होती.

एक अट तेवढी होती. कुपन वापरायचं असेल त्यानं आपलं धान केवळराम शेठला विकायचं. केवळराम हा अड्याळचा धानाचा मोठा व्यापारी. बाबा उतरले होते तेही त्याच्याच माडीवर. पण त्या गर्दीत अटीकडे पाहायला कुणाला सवड होती? माझ्या शेजारी आमच्या गावचे पोलीस पाटील भय्याजी उभे होते. त्यांनी माझा दंड धरला आणि गंभीरपणे म्हणाले, "लुगडं उतरलं, पान्याचा गुंड उतरला, आता धान उतरन. ढोलीत धान नाई, बर्फ ठेवला आहे असं समज. इकून टाकन तोच वाचन."

चमत्कारापेक्षा मला त्या वाक्याची भीती वाटली. चमत्कार मांडवात राहतो. असं वाक्य माणसाबरोबर घरी येतं.

आमचं बोडीटोला हे गाव अड्याळपासून दोन कोसांवर, तलावाच्या पाळीखाली, बांधाच्या पायथ्याशी वसलेलं. देवळाच्या मागच्या खोलीत गावाची सामाईक ढोली होती. बांबूची विणलेली, शेणामातीनं लिंपलेली, छातीभर उंचीची. कापणीनंतर प्रत्येक घर तिच्यात आपल्या वाट्याचं धान ओती आणि मृग लागला की ज्यांचं बियाणं पुरलं नाही त्यांना ते मिळे. ढोलीचं तोंड शेणानं बंद करून त्यावर एका बाईच्या तळहाताचा ठसा उठवलेला असे. ती बाई गावातली सर्वांत नडीची असावी, असा रिवाज होता. ज्याला ते धान सर्वांत जास्त लागतं, त्याच्याच हाती त्याची राखण. कुणा पूर्वजाला माणसाची पारख होती म्हणायची. त्या काळात तो ठसा माझ्या आत्याचा, आनंदाबाईचा होता. तिच्या दोन बांध्या, म्हणजे बांध घातलेली दोन लहान शेतं होती, आणि त्यांत पेरायचं बियाणं त्या ढोलीखेरीज जगात कुठेही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी देवळासमोर सभा बसली. भय्याजींनी मांडलं की सामाईक धान आत्ताच शेठला द्यावं. कुपनांवर घरोघरी कापड आणि भांडी येतील, आणि मृगापर्यंत भाव कोसळले की तेच धान निम्म्या भावात परत घेता येईल. माणसं मान डोलावत होती. मी उभा राहिलो. चलन, मागणी, पुरवठा असे शब्द वापरले. ते शब्द माणसांच्या डोक्यावरून बगळ्यांच्या ओळीसारखे गेले. पाहायला बरे, हाती काही नाही. ठरलं की उद्या सकाळी शेठच्या बैलबंड्या येतील, बाबा स्वतः येतील, आणि पहिलं माप त्यांच्या सत्याच्या काट्यावर होईल. बाबांचा निरोपही आला होता. जो आडवा येईल त्याच्या घरची हळद वाळून जाईल.

गावात त्या महिन्यात एकाच घरी हळद होती. आत्याच्या बेबीचं लग्न एकोडीला ठरलं होतं.

संध्याकाळी आत्या अंगणात तेंदूपत्त्याची पुडकी बांधत बसली होती. बाजूच्या खोलीत राहणाऱ्या शाळेत शिकवणाऱ्या उषाबाई तिच्याजवळ येऊन टेकल्या. उषाबाई भंडाऱ्याच्या, बोलायच्या कमी, विचारायच्या जास्त. आत्यानं त्यांना आपली अडचण सांगितली. कुपनावर पितळी गुंड मिळेल, पोरीला रिकाम्या हातानं सासरी धाडावं लागणार नाही. पण ठसा मोडायला हात उठत नाही. मी पुन्हा समजावू लागलो तशी ती म्हणाली, "तू बी.ए. झाला रे बाप्पा, पन तुया पुस्तकात बाबाचा काटा आहे काय?"

उषाबाईंनी मात्र काहीच समजावलं नाही. त्यांनी विचारलं, "कुपन मिठावर चालतं का?"

"नाई."

"रॉकेलवर? तेलावर?"

"कायचं बाई. लुगड्यावर अन् भांड्यावर."

"मागच्या लग्नसराईत कापडाच्या दुकानात गर्दी कशी होती?"

"पाय ठेवाले जागा नव्हती. औंदा माशा मारून राहिले बिचारे." आत्याचे हात थांबले. आत्यानं पुडक्याची गाठ सोडली, पुन्हा बांधली. मग आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "सगळा पैसा पोटात चालला, तं लुगडं कोन घेईन? पडून आहे म्हनून सूट देऊन राहिले."

तेवढ्यावर ती थांबली नाही. तिला आठवलं की संक्रांतीला तिनं त्याच दुकानात त्याच काठाचं लुगडं बोटांत धरून पाहिलं होतं. तेव्हा सूट नव्हती. आणि तेव्हा ते जेवढ्याला होतं, तेवढ्यालाच आज सूट देऊन मिळत होतं. मधल्या दिवसांत भाव वर नेला आणि मग सर्वांसमोर खाली आणला.

महागाईत माणूस आधी नवं कापड सोडतो, मग भांडं सोडतो, आणि मिठाला शेवटपर्यंत धरून राहतो. म्हणून कापडावर सूट लागते आणि मिठावर लागत नाही. सूट ही अनेकदा उतरत्या भावांची खूण नसून रिकाम्या खिशांची असते. हे मी सभेत सांगायला हवं होतं, आणि ते सांगितलं एका बाईनं, पुडकं बांधता बांधता, स्वतःलाच.

पण आत्याचा चेहरा उजळला नाही. "हे समजलं बाई," ती म्हणाली. "पन रुपया खाली आला. तो मी माया डोळ्यानं पाहला. तो खोटा कसा म्हनू? अन् हळद?"

उषाबाईंनी तलावाकडे पाहिलं. पाणी आटून मध्यभागी गेलं होतं. कडेच्या भेगाळ चिखलावर संध्याकाळचा तांबडा रंग साकळला होता. "तो काटा कसा चालतो ते मलाही ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "पण मला ठाऊक नाही म्हणून ते खरं, असं कसं होईल?" मग त्यांनी विचारलं की ढोली उघडताना गावाचा रिवाज काय.

रिवाज आत्याला तोंडपाठ होता. पहिलं माप दोनदा तोलायचं. एकदा तोलून झालं की या पारड्यातलं त्या पारड्यात, त्यातलं यात. त्याला पालट म्हणत. भावाभावांत धानाचे वाटे पडतानाही गावात पालट होई. पालट झाल्याशिवाय कुठलाच काटा खरा धरत नसत. आणि त्या वेळी काट्याची दोरी ठसेवाल्या बाईच्या हाती असे.

"मग उद्या पालट मागा," उषाबाई म्हणाल्या. एवढंच. त्यांनाही पुढचं माहीत नव्हतं, आणि तेच मला सर्वांत भयाण वाटत होतं. काटा पालटूनही रुपया जडच निघाला, तर आत्या गावाच्या आणि देवाच्या दोन्हींच्या विरोधात उभी असणार होती, आणि ढोली रिकामी होणारच होती.

सकाळी बंड्या आल्या. बैलांच्या घंटांचा आवाज पाळीवरून खाली उतरताना ऐकू येत होता, आणि तो ऐकता ऐकता माणसं देवळाकडे निघाली होती. केवळराम पांढऱ्याशुभ्र धोतरात सावलीला उभा. भय्याजींनी फेटा बांधला होता. आठदहा गड्यांनी ढोली खोलीतून ओढून अंगणात आणली. तिच्या तोंडावरचा वाळलेला तळहात आकाशाकडे उघडा होता.

बाबांनी तांदळाची मूठ घातली, रुपया ठेवला. रुपया हलका. मोरपीस फिरलं. चारी दिशांना नमस्कार झाला. रुपयाचं पारडं सावकाश खाली आलं आणि स्थिरावलं. माणसांनी हात जोडले. भय्याजी म्हणाले, "आनंदाबाई, मोड आता ठसा."

आत्या पुढे झाली. ढोलीजवळ गेली नाही. बाबांसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "पालट."

क्षणभर बाबांना शब्दच कळला नाही. भय्याजींना कळला. "देवाच्या काट्याले पालट मांगते? येडी झाली काय?"

"भावाभावाले लागते. देवाले काहून नाई?"

बाबांनी डोळे तांबडे केले. आवाज वरच्या पट्टीत नेला. "बाई, सोच के बोल. तुया घरी हळद आहे. काट्याले हात लावशीन तं रातीतून वाळून जाईन. पोरगी जलमभर मायच्या दारात बसन."

आत्याचा हात पुढे झाला होता. तो तिनं मागे घेतला. सबंध अंगणात कुणी हलत नव्हतं. बैलही मान खाली घालून उभे होते. मला वाटलं, संपलं. आता ती वळेल, ढोलीकडे जाईल, आणि स्वतःच्या तळहातावर स्वतःचा तळहात ठेवून तो मोडेल.

बायांच्या घोळक्यातून बेबी पुढे आली. आईच्या मागे येऊन उभी राहिली. "माय, मांग पालट," ती म्हणाली. "हळद माही आहे. वाळली तं माही वाळन."

त्या वाक्यानंतर भीतीला धरायला जागा राहिली नाही. खुशाल हा गावातला वयस्क शेतकरी, भावापासून वेगळा निघालेला, गप्प माणूस. तो उठून म्हणाला, "पालट नाई तं माप नाई. गावाचा रिवाज आहे महाराज. तुम्ही पाव्हने, तुमाले मालूम नसन." चारदोन माना डोलल्या, मग आणखी. बाबा केवळरामकडे पाहू लागले. केवळराम बंड्यांकडे पाहू लागला.

आत्यानं तराजूची दोरी बाबांच्या बोटांतून काढून घेतली. दांडी तिनं तशीच, जशी झुकली होती तशी, धरून ठेवली. उषाबाईंनी एका हाती रुपया उचलला, दुसऱ्या हाती तांदूळ गोळा केले, आणि दोघांच्या जागा बदलल्या.

खाली असलेलं पारडं खालीच राहिलं. आता त्यात तांदूळ होते. रुपया वर लोंबत होता.

"अरे बाप्पा," मागून कुणीतरी म्हणालं, "रुपयाले पुन्हा भूत लागलं काय गा?" हसू फुटलं. पहिलं हसू, गेल्या कित्येक दिवसांतलं. बाबा घाईनं म्हणू लागले की बाईच्या हाताचा दोष झाला, पुन्हा नमस्कार करावा लागेल. ते दोरीकडे झेपावले. खुशाल मध्ये आला.

"आता दोन्ही पारडी रिकामी करू," उषाबाई म्हणाल्या.

रुपया काढला. तांदूळ काढले. एक दाणासुद्धा राहू दिला नाही. काटा आत्याच्या हाती रिकामा होता, आणि तरीही एका बाजूला झुकलेला होता.

ते दृश्य मी विसरू शकलो नाही. काहीही नसताना झुकलेला काटा. प्रत्येकजण आपापल्या मनात काहीतरी पुन्हा तोलत होता. उषाबाईंनी दांडीचं खालचं टोक अलगद वर उचललं. आत काहीतरी सरकल्याचा जड, ओलसर आवाज झाला. दांडी दुसऱ्या अंगाला कलली आणि तिथेच राहिली. मग त्यांनी टोकाला बोट लावून पाहिलं. पितळेच्या रंगात रंगवलेलं लाखेचं बूच होतं. खुशालनं कमरेचा चाकू काढून ते उपटलं.

पोकळ दांडीतून पारा बाहेर आला. धुळीत पडला, फुटला, आणि चकचकीत मणी होऊन वाटेल तिकडे धावू लागला. शेकडो हलके रुपये. वाकून नमस्कार केला की पारा एका टोकाकडून दुसऱ्याकडे वाहत जाई. तेवढंच बाबांचं सामर्थ्य होतं. एक पोर मणी पकडायला धावलं. उषाबाईंनी त्याला मागे ओढलं आणि पारा विषारी असतो, हात लावू नका, असं सर्वांना बजावलं. ज्यांना बाबांच्या अंगावर जायचं होतं त्यांनाही त्यांनीच अडवलं. मारल्यानं पुढच्या गावाला काही कळणार नाही, त्या म्हणाल्या. याला तराजूसकट ठाण्यात न्या. भय्याजींनी फेटा काढून काखेत धरला होता. बाबांना ठाण्यात न्यायला ते त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

गोष्ट इथं संपली असती तर सोपी झाली असती. पण केवळराम कच्चा नव्हता. तो सावलीतून बाहेर आला आणि मवाळ आवाजात म्हणाला की बाबा लबाड निघाला, त्यालाही फसवलं, वाईट झालं. पण भाव तर उतरलेच आहेत. सूट काही पाऱ्याची नाही. अख्ख्या अड्याळात जाऊन पाहा. शहाण्यानं आजच धान काढावं, बंड्या दारात आहेत.

आणि मी पाहिलं, माणसं पुन्हा डगमगली. काहींच्या हातांत कुपनं होती. ती त्यांनी फेकली नव्हती, नीट घडी घालून धरली होती. डोळ्यांनी पाहिलेला चमत्कार मोडता येतो. हातात धरलेली आशा मोडत नाही. केवळरामच्या गड्यानं रिकामी पोती झटकली.

उषाबाई ढोलीजवळ गेल्या. "शेठजी," त्या म्हणाल्या, "अजून एक पालट राहिला आहे. आज तुम्ही घेणारे, आम्ही देणारे. मृगात आम्ही घेणारे होऊ, तुम्ही देणारे. आज ज्या भावानं हे धान नेता, त्याच भावानं मृगात परत द्याल, एवढा शब्द या ढोलीवर हात ठेवून द्या. भाव कोसळणारच आहेत ना? मग फायदा तुमचाच आहे."

केवळराम हसला. मग हसणं थांबलं. त्याच्याकडे सगळे पाहत होते. त्यानं उजवा हात धोतराला पुसला, जणू हात घाण होता म्हणूनच तो पुढे येत नव्हता. "धंद्यात असा शब्द नसतो बाई," तो म्हणाला.

"काहून नसते?" खुशालनं विचारलं. "आमाले सांगता धान उतरन. मंग सोताले काहून भेव वाटून राहिलं?"

ज्याच्या मते भाव उतरणार होते, तोच त्या उतरत्या भावावर हात ठेवायला तयार नव्हता. आत्या ढोलीपाशी गेली. वाळलेल्या ठशावर तिनं आपला तळहात ठेवला, दाबला नाही, नुसता ठेवला. मग म्हणाली, "ने रे बाप्पा तुया बंड्या." बंड्या रिकाम्या चढणीला लागल्या. कुणीतरी हातातलं कुपन बैलाच्या शिंगाला अडकवलं होतं. ते लाल फडफडत पाळीपलीकडे दिसेनासं झालं.

बेबीचं लग्न झालं. हळद ओली होती. गुंड मातीचाच गेला, आणि एकोडीकरांनी त्यातलं पाणी गार असतं एवढीच तक्रार केली. मृग लागला तेव्हा आत्यानं ठसा मोडला आणि ज्याला त्याला बियाणं दिलं; शेवटी स्वतःच्या दोन बांध्यांपुरतं पदरात घेतलं. त्या पावसाळ्यात धानाचे भाव चढतच गेले. आणि लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही की अड्याळच्या दुकानांत लाल कुपनं तशीच लटकत होती. सूट होती आणि महागाईही होती. दोघी एकाच छपराखाली सुखानं नांदत होत्या.

एका बांधीतलं पाणी उतरलं म्हणून तलाव आटला असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही. बांध फुटला असेल, कुणी पाणी वळवलं असेल, खेकड्यानं भोक पाडलं असेल. माणूस आधी पाळीवर जाऊन तलाव पाहतो. बाजाराच्या बाबतीत मात्र आपण एका दुकानाच्या दारावरचा कागद वाचतो आणि दुनिया स्वस्त झाली म्हणून घरातलं बियाणं काढतो. तसं करू नका. सूट कशावर आहे ते पाहा आणि कशावर नाही तेही पाहा. सूट लागण्याआधी भाव काय होता ते आठवा. स्वस्ताई येणार असं सांगणाऱ्याला विचारा, तू तिच्यावर हात ठेवशील का? आणि बाबा असो, व्यापारी असो की आपलं स्वतःचं मन असो, पारडी पालटून पुन्हा तोला. जो पालटू देत नाही, त्याच्या दांडीत काहीतरी वाहतं आहे, एवढं ओळखा.